‘थर्ड पार्टी’ म्हणजे आपणच!

गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या बुलडाणा जिल्ह्यात चार्जिंगच्या गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. खामगाव, चिखली, मलकापूरच्या बाजारात स्कूटर तर रोजच्याच झाल्या. आता कारही दिसतात. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर चार्जिंगच्या कारला टोलमाफी जाहीर केली, तेव्हापासून चार पैसे गाठीला असलेल्या तरुणांच्या तोंडी तर हाच विषय आहे.

आम्ही कारकून माणूस. दिवसभर कार्यालयातील फायली आणि संध्याकाळी वस्तीतील लोकांचे अर्ज, दाखले, दावे. बी.कॉम. झालेल्या माणसाला सगळ्याच कागदांचे कळते, असा आमच्या वस्तीचा समज आहे. त्यामुळे गाडीचे कागदही आमच्याकडेच येतात. हल्ली त्यासोबत दोन प्रश्न ठरलेले असतात. “बापू, चार्जिंगच्या गाडीले इन्शुरन्स कमी लागते म्हणतात, खरं हाय का?” हा पहिला. आणि “थे गाडी पेट घेते म्हणतात, खरं हाय का?” हा दुसरा.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्याच्या घरी महिनाअखेरीला दोनशे रुपयांची ओढाताण होते, त्याने गाडी घेण्याआधी दहा वेळा विचारलेच पाहिजे. परंतु या दोन प्रश्नांच्या गडबडीत तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा आहे. त्याकडे येण्याआधी या दोहोंचा समाचार घेऊ.

आगीची भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचे एक लेकरू भाजून गेले. त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले.

पण आपल्या जिल्ह्याने पाहिलेली सर्वांत मोठी आग बॅटरीची नव्हती. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली. दाराची बाजू खाली गेली, डिझेलने पेट घेतला आणि झोपेतील २५ माणसे आत जळाली. प्रेते ओळखू येईनात, म्हणून बहुतेकांवर बुलडाण्यात एकत्रच अंत्यसंस्कार करावे लागले. ती बस डिझेलची होती. पण त्यावरून कोणी म्हटले नाही की डिझेलची गाडी घेऊ नका. सवयीच्या धोक्याची आपल्याला भीती वाटत नाही, नव्याची मात्र वाटते. हा माणसाचा स्वभाव आहे.

स्वीडनमध्ये सरकारी खाते वाहनांच्या आगींची मोजदाद ठेवते. २०२२ साली तिथल्या सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांपैकी २३ गाड्यांना आग लागली. पेट्रोल-डिझेलच्या सुमारे ४४ लाख गाड्यांत अशा आगी सुमारे ३,४०० होत्या. म्हणजे गाडीमागे गाडी धरली तर पेट्रोल-डिझेलचे प्रमाण कितीतरी पट जास्त. यात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की चार्जिंगच्या गाड्या नव्या आहेत आणि जुन्या गाड्या जास्त पेटतात. तरीही ‘चार्जिंगची गाडी म्हणजे बॉम्ब’ ही ओरड खरी नाही, एवढे यावरून कळते. बॅटरीची आग मात्र हट्टी असते. विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा भडकते. म्हणून रात्री सगळे झोपले असताना दाराच्या तोंडाशी गाडी किंवा बॅटरी चार्जिंगला लावू नये. पत्र्याच्या एकदार घरात तर कधीच नाही. गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा आणि पेटी उघडून स्वस्तात सेल बदलून देणाऱ्याकडे जाऊ नये.

आगीपेक्षा वेगळा एक धोका आहे. त्याची चर्चा होत नाही, कारण तो गाडीत बसलेल्याला नाही, पायी चालणाऱ्याला आहे. ही गाडी आवाज करत नाही. ‘लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन’ या संस्थेच्या संशोधकांनी ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या काळातील अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. सारखेच अंतर धावल्यास पायी माणसाला धडक देण्याचे प्रमाण इलेक्ट्रिक आणि हायब्रीड कारमध्ये पेट्रोल-डिझेल कारच्या दुप्पट निघाले. हा फरक मुख्यतः शहरातील रस्त्यांवर दिसला. युरोपात जुलै २०२१ पासून अशा प्रत्येक नव्या कारला कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. आपल्याकडे केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये तसा मसुदा काढला. तो कार, बस, ट्रक यांच्यासाठी होता, स्कूटर त्यात नव्हती. आणि आपल्या बाजाराच्या गर्दीत सर्वांत जास्त कोण फिरते? स्कूटरच.

आता पैशाचे पाहू. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असतो आणि त्याचे दर कंपन्या ठरवतात.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या थर्ड पार्टी दरांत इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलत दिली गेली. शोरूमवाले याच सवलतीचा डंका पिटतात. आमच्या पुतण्यालाही त्यांनी हेच सांगितले होते. तो कागद घेऊन आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याच्यासमोर वहीवर आकडे मांडले.

पेट्रोल कारचे थर्ड पार्टी दर इंजिनच्या सीसीवर ठरतात. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. इलेक्ट्रिक कारचे दर मोटारीच्या किलोवॅटवर ठरतात. ३० किलोवॅटपर्यंत १,७८०, ६५ पर्यंत २,९०४ आणि त्यापुढे ६,७१२. जीएसटी वेगळा. प्रत्येक पायरीला पायरी लावून पाहिली तर १५ टक्के कमी, हे खरे. पण गाडीला गाडी लावून पाहा. पेट्रोलची टियागो ११९९ सीसीची, तिला ३,४१६. चार्जिंगची टियागो मधल्या पायरीत, तिला २,९०४. वाचले ५१२ रुपये. आता नेक्सॉन घ्या. पेट्रोलची नेक्सॉनही ११९९ सीसीची, म्हणून तिलाही ३,४१६. चार्जिंगच्या नेक्सॉनची मोटार ६५ किलोवॅटच्या वर, म्हणून तिला ६,७१२. सवलत तर दूरच, वर ३,२९६ रुपये जास्त! आणि ज्या कारचे आपल्यासारखे लोक स्वप्न पाहतात, ती ९९८ सीसीची अल्टो के-१० किंवा वॅगन-आर असते. तिला २,०९४ च लागतात. त्यापुढे चार्जिंगची टियागोसुद्धा ८१० रुपयांनी महागच.

पुतण्या म्हणाला, “म्हणजे काका, सवलत खोटी?” सवलत खोटी नाही. पण सवलतीचा आकडा आणि आपल्या खिशातून जाणारा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिऱ्हाइकाने समजून घ्यायचे असते.

दुसऱ्या भागात तर फरक आणखी वाढतो. स्वतःच्या गाडीचा विमा गाडीच्या किमतीवर निघतो आणि चार्जिंगची गाडी बहुधा त्याच प्रकारच्या पेट्रोल गाडीपेक्षा महाग असते. समजा, एका गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत ५ लाख आहे आणि दुसरीची ८ लाख. दोघींना शेकडा दोनचा दर लागला तर एकीचा हप्ता १० हजार, दुसरीचा १६ हजार. थर्ड पार्टीत वाचलेले पाचशे रुपये इथे कुठल्या कुठे जातात. शिवाय गाडीच्या किमतीचा फार मोठा वाटा एकट्या बॅटरीचा असतो. ती गाडीच्या पोटाखाली असते. दगडाचा जबर ठोका बसला किंवा पुराच्या पाण्यातून गाडी घातली तर खर्च थेट तिथे जातो. कंपनीची आठ वर्षांची वॉरंटी बॅटरीतील दोषासाठी असते, अपघातासाठी नसते. म्हणून ‘बॅटरीचे नुकसान आणि पाणी शिरणे या पॉलिसीत धरले आहे का, आणि घसारा किती कापणार?’ हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तर कागदावर दाखवायला सांगावे. याचा अर्थ चार्जिंगची गाडी घेऊ नये असा नाही. रोजचे धावणे जास्त असेल तर इंधनात जे वाचते ते या हप्त्यापेक्षा जास्त भरू शकते. फक्त हिशेब पूर्ण मांडावा.

इथवर गाडी घेणाऱ्याचे झाले. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांत कार घेणारी घरे किती? बोटावर मोजण्याइतकी. आपण बहुतेक जण रस्त्यावर असतो ते पायी, सायकलवर, काळी-पिवळीत किंवा कुणाच्या तरी मागच्या सीटवर. गाडी दुसऱ्याची आणि जीव आपला. म्हणून तिसरा प्रश्न असा की, ज्या गाडीपासून आपल्याला धोका आहे, तिचा विमा आहे की नाही?

२ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ रस्त्याकडेच्या झोपडीत झोपलेल्या मजुरांच्या अंगावर ट्रक गेला. चिखलदरा तालुक्यातून रस्त्याच्या कामाला आलेली ही माणसे. पाच जण गेले. त्यांच्या नावावर गाडी नव्हती आणि गाडीच्या विम्याशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नसेल. पण विम्याच्या भाषेत ‘थर्ड पार्टी’, म्हणजे तिसरा पक्ष, म्हणतात तो यांनाच. मालक पहिला, कंपनी दुसरी आणि रस्त्याकडेला झोपलेला मजूर तिसरा. हा विमा गाडीवाल्याच्या सोयीसाठी नाही, आपल्यासाठी आहे. तो भरला नाही म्हणून बुडते ते आपले.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या वस्तीतील एक मावशी टोपलीत भाजी घेऊन बाजारातून परत येत होत्या. मागून चार्जिंगची स्कूटर आली. आवाज नाही, काही नाही. मावशी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले, त्याचे पैसे लागले नाहीत. पण सहा महिने धंदा बंद. सून शाळेत पोषण आहार शिजवायला जायची, तिला घरी बसावे लागले. आम्ही दाव्यासाठी कागद गोळा करायला निघालो तेव्हा कळले की त्या स्कूटरला नंबरच नाही. पासिंग नाही, विमा नाही. दुकानदाराने तशीच विकली होती: ‘लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको.’

कायदा असा आहे की २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी स्कूटर मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला पासिंग नाही आणि विम्याची सक्तीही नाही. पण ती स्कूटर तेवढ्यावर थांबलेली नव्हती. पोराने वायर बदलून वेग वाढवून घेतला होता. वेग वाढवला की ती मोटार वाहन होते. मग पासिंगही हवे, लायसनही हवे आणि विमाही हवा. यातले काहीच नव्हते.

पोराचा बाप बाजार समितीत हमाली करतो. तो हात जोडून आमच्यासमोर उभा राहिला. “साहेब, चूक पोराची हाय, पण द्यू कुठून?” एका बाजूला खाटेवर पडलेली मावशी आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर पोती वाहणारा माणूस. मध्ये आम्ही. कुणावर चिडायचे? शेवटी महिन्याला एक हजार रुपये द्यायचे ठरले. त्याने काही महिने दिले, पुढे त्याच्याच्याने झाले नाही. मावशींनीच निरोप पाठवला, “राहू द्या, त्याच्याही घरी लेकरं हायेत.” मावशींचे मन मोठे. पण त्यांच्या सहा महिन्यांच्या कमाईचे काय? विमा असता तर ही भरपाई कंपनीने दिली असती. विमा नव्हता, म्हणून एका गरिबाचे ओझे दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर गेले आणि दोन्ही घरे वाकली.

म्हणून बिनपासिंगची स्वस्त स्कूटर घेणाऱ्याला आमचे सांगणे असते, दोन-चार हजार वाचवून तू स्वतःला उघड्यावर टाकतो आहेस. पासिंगच्या ३ किलोवॅटपर्यंतच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला ४५७ रुपये, ७ किलोवॅटपर्यंत ६०७. आपल्या साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलचा ७१४. जीएसटी धरूनही दिवसाला अडीच रुपयांच्या आत. चहा यापेक्षा महाग आहे. विमा नसताना पकडले तर पहिल्या वेळचा दंडच २ हजार आहे, आणि अपघात झाला तर दंडाचे कोण विचारतो?

आणखी दोन गोष्टी फार थोड्या लोकांना ठाऊक आहेत. पहिली गोष्ट. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २००८ सालच्या निकालांत हे स्पष्ट केले आहे. मागच्या सीटवर कोण असते? आपली बायको, आई, शाळेतील पोरगी. खासगी कारमध्ये बसलेल्यांचेही तसेच. त्यांना संरक्षण हवे तर पूर्ण पॉलिसी, ज्याला लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, ती घ्यावी लागते. मालकाने स्वतः गाडी चालवताना काही झाले तर १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो, पण त्याच्याकडे चालू लायसन असले तरच.

दुसरी गोष्ट मालवाहू गाडीची. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळ समृद्धीच्या कामावरचा सळयांनी भरलेला टिप्पर उलटला आणि त्यात बसलेले १३ मजूर ठार झाले. मजुरांना अशा गाडीत कोंबून नेणे आपल्याकडे नित्याचे आहे. लग्नाला, कापूस वेचायला, यात्रेला लोक टेम्पोत बसतात. पण मालाच्या गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर सक्तीने येत नाही. कामावरचा मजूर असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यालाही आपण कामावर होतो हे सिद्ध करावे लागते. गाडी डिझेलची असो की चार्जिंगची, हा नियम बदलत नाही.

अपघात झालाच तर काय करावे? आधी माणूस दवाखान्यात. १०८ ला फोन करा. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. त्यात नेमलेल्या दवाखान्यांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार पैसे न भरता मिळू शकतो. तशी मागणी करा. गाडीचा नंबर लिहून घ्या किंवा फोटो काढा. नंबर असला की विमा कोणत्या कंपनीचा, चालू की संपलेला, हे मोबाइलवर ‘एम-परिवहन’मध्ये पाहता येते. पोलिसांत गुन्हा नोंदवून प्रत घ्या. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून ‘तेरवी झाल्यावर पाहू, पीक निघाल्यावर पाहू’ असे करू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृताच्या घराला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. तो अर्ज महसूल खात्याच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडे करायचा असतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा उपकार नाही, कायदा आहे.

आमच्या वस्तीतील तरुणांनी एक साधे काम सुरू केले आहे. वाचनालयात शंभर पानांची एक वही ठेवली आहे. वस्तीतील प्रत्येक गाडीचा नंबर, पॉलिसी कोणती, नुसती थर्ड पार्टी की पूर्ण, आणि ती कधी संपते, एवढेच त्यात लिहिले आहे. पहिल्याच महिन्यात कळले की निम्म्याहून अधिक मोटारसायकलींचा विमा संपलेला होता. काहींचा तर गाडी घेतली तेव्हाची मुदत संपल्यानंतर पुन्हा कधी काढलाच नव्हता. आता तारीख जवळ आली की दोन पोरे त्या घरी जाऊन सांगतात. कोणी कुरकुर करतो, कोणी उद्या-परवा म्हणतो, पण बहुतेक जण काढतात. या कामाला ना वर्गणी लागते, ना मंडप. एक वही, एक पेन आणि महिन्यातून एक रविवार पुरतो.